शेवटचा 'स'

रात्रीचा तास संपवून ओट्यावरची भांडी विसळायला घेतली होती, तेवढ्यात फोनवर व्हॉइस मेसेज आला. रेडमीवाल्या ताईंचा. माझ्या ऑनलाइन स्पोकन इंग्लिशच्या वर्गात निम्मे लोक फोनच्या नावाने येतात. कुणी स्क्रीनवर 'रेडमी' म्हणून उगवतं, कुणी 'ओप्पो', कुणी मुलाच्या शाळेच्या लॉगिनने नुसताच रोल नंबर. या ताई डोंबिवलीच्या. ब्लाउज शिवतात, साड्यांचं फॉल-बिडिंग करतात. मेसेजमध्ये मागे शिलाई मशीनची घरघर, मधेच कुकरची शिट्टी, आणि त्यावर त्यांचा आवाज, तक्रारीचा, पण आदब सांभाळून: "मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही माझी चूकच काढत नाही. आज मी बोलले, माय हजबंड वर्क इन नाइट शिफ्ट. तुम्ही व्हेरी गुड बोललात. माझी मुलगी बाजूलाच होती, ती हसली. बोलली, मम्मी, वर्क नाही, वर्क्स. मग मी फी कशाची देते?"

आता ती चूक माझ्या कानांतून निसटली होती असं मुळीच नाही. 'वर्क'च्या शेवटचा 'स' गळला तो मला लख्ख ऐकू आला होता, आणि मी तो गळू दिला होता. कारण त्या वाक्याला जोडून ताईंनी आणखी दोन वाक्यं आपणहून म्हटली. नवरा सकाळी येतो, मग मी मशीन बंद ठेवते, कारण तो झोपतो. 'ही स्लीप, सो मशीन बंद.' चाळिशी ओलांडलेली ही बाई. सुरुवातीचे कित्येक तास तिचा कॅमेरा छताच्या पंख्याकडे असायचा आणि पाळी आली की ती 'नेटवर्क प्रॉब्लेम' एवढंच, पण अगदी खणखणीत उच्चारात सांगून सुटका करून घ्यायची. ती आता कारणासकट बोलत होती. अशा वेळी मधे पडून 'वर्क्स' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण फीचा प्रश्न रास्त होता. पुढचे काही दिवस तो डोक्यातून गेला नाही.

आमचा वर्ग रात्री साडेनऊला भरतो. मुंबईतल्या नोकरदाराच्या हिशेबाने ही घरी पोचण्याची आणि जेवायला बसण्याची मधली वेळ. त्यामुळे कुणी ताटावरूनच बोलतं, कुणी गाडीतून. कल्याण लोकलमधल्या एका मुलाचं वाक्य मुंब्र्याच्या आसपास तुटतं आणि दिवा गेलं की तिथूनच पुढे सुरू होतं; क्रियापद ठाण्याला, कर्म डोंबिवलीला. लालबागच्या एका दादांच्या घरात बोलायला जागा नाही, म्हणून ते चाळीच्या जिन्यात बसतात. येणारा-जाणारा प्रत्येक जण 'काय, मीटिंग काय?' म्हणून विचारतो, दादा त्याला मराठीत वाटेला लावतात आणि परत इंग्रजीत येतात. ही सगळी माणसं दिवसभर इंग्रजी ऐकतच असतात. लिफ्टमध्ये, कस्टमर केअरवर, मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर. कळतंही बरंचसं. तोंडातून मात्र निघत नाही.

आणि यांच्या फोनवर रील्समधून दोन जातींचे गुरू दिवसभर शिकवत असतात. एक म्हणतो, ग्रामर गेलं खड्ड्यात, फाडफाड बोला. दुसरा स्क्रीनवर लाल फुली आणि हिरवी खूण घेऊन उभा: 'व्हेरी टायर्ड' म्हणू नका, 'एक्झॉस्टेड' म्हणा. हा दुसरा माणसाला आहे तेही बोलू देत नाही हे खरं, पण मला राग पहिल्याचा जास्त येतो. तो नुसता धीर देऊन थांबत नाही. सोपं करायच्या नावाखाली स्वतः मोडकी वाक्यं पाठ करायला देतो. 'व्हाय यू नॉट कमिंग?' म्हणतो, 'व्हेअर यू आर गोइंग' की 'व्हेअर आर यू गोइंग' यात डोकं घालू नका, समोरच्याला कळतं, बास. समोरच्याला कळतं हे कबूल. पण हे सांगणाऱ्या गुरूचं स्वतःचं इंग्रजी चांगलं कॉन्व्हेंटमधलं असतं, आणि उद्या त्याला नोकरीची मुलाखत द्यायची वेळ आली तर तो तिथे 'व्हाय यू नॉट कमिंग' म्हणणार नाही. दुसऱ्याच्या खिशातून उदार होणं म्हणतात ते हेच.

स्पोकन इंग्लिशचं कुठलंही पुस्तक उघडा, ते 'मी'पासून सुरू होतं. माय नेम इज, आय लिव्ह इन, आय लाइक. शिकवणाऱ्याला हे सोयीचं पडतं, कारण 'आय' आणि 'यू' असले की क्रियापदाला काही चिकटवावं लागत नाही. 'ही' आणि 'शी' जितके लांबणीवर टाकता येतील तितके टाकायचे, हा सगळ्याच शिक्षकांचा जुना बेत. पण माझ्या वर्गातल्या बायकांना 'स्वतःबद्दल पाच वाक्यं बोला' म्हटलं की दुसऱ्या वाक्यापाशीच अडतं. आय ॲम हाउसवाइफ. बरं, पुढे? तुम्हाला काय आवडतं? 'तसं काही विशेष नाही, मॅडम.' तेच 'मिस्टर काय करतात' विचारा, 'सासूबाई कशा आहेत' विचारा, की धो धो सुरू. माय मदर-इन-लॉ वेक अप अर्ली. माय सन नॉट ईट भाजी. माय हजबंड टेक टिफिन, बट ब्रिंग बॅक फुल. या शेवटच्या वाक्यावर सगळा वर्ग हसला होता, आणि ते हसणं व्याकरणाला नव्हतं. म्हणजे साध्या वर्तमानकाळात इंग्रजी भाषा ज्या एकाच ठिकाणी क्रियापदाला शेपूट लावायला सांगते, नेमकी तीच जागा या बायकांच्या बोलण्यात सगळ्यांत जास्त वेळा येते. 'मी'ला सांगण्यासारखं काही नसतं, आणि 'तो'बद्दल बोलायला लागलं की प्रत्येक वाक्यात एक 'स' गळतो.

या 'स'ची गंमत अशी की तो ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्या पोरांनाही उशिरा येतो. रॉजर ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तीन लहान मुलांचं बोलणं दीर्घकाळ टिपून १९७३ साली मांडलं की इंग्रजीतल्या चौदा बारीकसारीक व्याकरणी खुणा मुलं साधारण एकाच क्रमाने उचलतात. सगळ्यांत आधी येतो 'इंग'. हा 'स' बराच मागाहून. पुढच्याच वर्षी हायडी ड्युले आणि मरीना बर्ट या दोघींनी अमेरिकेत इंग्रजी शिकणारी स्पॅनिश आणि चिनी घरांतली मुलं तपासली, तर दोन्हींचा क्रम जवळपास सारखा निघाला. त्यामुळे डोंबिवलीत गळणारा 'स' केवळ मराठीमुळे गळतो, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. खुद्द इंग्लंडात नॉर्विच भागात 'शी गो', 'ही वर्क' असंच बोलायची जुनी रीत आहे. पीटर ट्रडगिल या भाषाशास्त्रज्ञांनी १९७४ च्या अभ्यासात दाखवलं, की तिथे कामगार वस्तीत हा 'स' भरपूर गळतो आणि वरच्या वर्गाकडे जावं तसा तो जागेवर येत जातो. शिलाई मशीनवर बसलेल्या बाईचा 'स' आणि नॉर्विचच्या कारखान्यातल्या माणसाचा 'स', दोघांचं नशीब सारखंच.

हे सगळं मी ताईंना सांगितलं असतं, तर त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं असतं आणि एकच विचारलं असतं.

पण मुलगी हसली त्याचं काय?

हसण्याचा हिशेब या शहरात सगळ्यांना सारखा लागू होत नाही. बांद्र्याच्या कॅफेत एखादी मुलगी मैत्रिणीला 'यू टेल हिम ना, ही don't लिसन टू मी only' म्हणते, तेव्हा ते बॉम्बे इंग्लिश असतं, गोड असतं, त्याच्यावर विनोदी कार्यक्रमही होतात. हेच वाक्य तिच्या इमारतीच्या वॉचमनने म्हटलं तर ते 'बिचाऱ्याला इंग्लिश येत नाही' असतं. व्याकरण दोघांनीही सारखंच मोडलेलं. फरक एवढाच, की ज्याला नियम येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याला तो मोडायची मुभा असते. माझ्या वर्गातल्या कुणालाही ती मुभा नाही. म्हणूनच 'अहो, संवाद झाला म्हणजे झालं' हे वाक्य मला अर्धंच पटतं. संवाद तर झालाच. त्या मुलीला वाक्य पूर्ण कळलं, आणि कळलं म्हणूनच ती हसली.

शिवाय हे हसणं इंग्रजीपासून सुरू होत नाही. माझे वडील परळच्या एका मराठी शाळेत मराठी आणि इंग्रजी शिकवायचे. घरी संध्याकाळी कॉटवर वह्यांचा गठ्ठा, लाल शाईचं पेन, बोटांवर लाल डाग, आणि खालून येणारा तळलेल्या बोंबलांचा वास. शाळेच्या गॅदरिंगची तालीम बघायला मी जायचे. तिथे एक मुलगा होता, उंच, आवाज इतका भरदार की माइक लागू नये. त्याने 'पानी' म्हटलं. अख्खा वर्ग हसला. वडील हसले नाहीत. त्यांनी त्याला 'पाणी' म्हणायला लावलं, परत लावलं, परत लावलं, जीभ वर टेकव म्हणाले, सगळं अगदी प्रेमाने. मुलगा शेवटी बरोबर म्हणाला. नाटकात मात्र उभा राहिला नाही. वडिलांना त्याचं शेवटपर्यंत नवल वाटायचं: मी तर त्याला एका शब्दानेही रागावलो नव्हतो. माझ्या वर्गात येणाऱ्या पुष्कळ लोकांना आधी मराठीतच कुणीतरी असं हसून घेतलेलं असतं. ते इंग्रजीपाशी येतात तेव्हा तोंड आधीच मिटलेलं असतं.

त्याच वडिलांनी स्वतः बालवयात 'कांहीं', 'नाहीं', 'मीं' असं डोक्यावर टिंबं देत लिहायला शिकून घेतलं होतं. एक टिंब राहिलं तर छडी. मग १९६२ साली साहित्य महामंडळाचे लेखनाचे चौदा नियम आले, न उच्चारले जाणारे ते अनुस्वार गेले, १९७२ साली आणखी चार नियमांची भर पडली, आणि ज्या टिंबासाठी छडी खाल्ली तेच टिंब मुलांच्या वहीत दिसलं की वडील लाल शाईने खोडायला लागले. त्यांना यात काही विसंगत वाटायचं नाही. नियम असतो तोवर पाळायचा, बदलला की नवा पाळायचा. मला मोठेपणी हे मजेशीर वाटायचं, पण आता वाटतं त्यांच्याकडे एक गोष्ट स्वच्छ होती: नियम म्हणजे सत्य नव्हे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, आणि तरीही गिरणगावातल्या पोराला तो आलाच पाहिजे, कारण त्या पोराचा अर्ज दुसरं कुणीतरी वाचणार आहे, हेही.

राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधीची आमची सगळी पिढी पाचवीत एबीसीडी गिरवणारी. माझ्या वर्गात पस्तिशीच्या पुढचे जवळजवळ सगळे त्यातले आहेत, आणि त्यांची मुलं इंग्रजी माध्यमात. त्यामुळे घरोघरी उलटं चित्र: आई-बाप चुकतात आणि पोरं दुरुस्त करतात.

वडिलांकडे एक जुना शॉर्टवेव्हचा रेडिओ होता. त्यावर व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या स्पेशल इंग्लिशच्या बातम्या ते न चुकता ऐकायचे. खरखरीतून एक संथ आवाज यायचा, प्रत्येक शब्द सुटा. १९५९ साली सुरू झालेलं ते प्रसारण साधारण दीड हजार शब्दांत सगळं जग सांगायचं. वाक्य आखूड, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि वेग नेहमीच्या बातम्यांपेक्षा बराच कमी. आम्ही पोरं त्या आवाजाची नक्कल करून हसायचो, कुणी झोपेत बोलतंय असं वाटायचं. वडील म्हणायचे, हसू नका, इतकं सोपं बोलतो आणि एका ठिकाणी चुकत नाही. लाल शाईचा माणूस त्या रेडिओपुढे नुसता बसून राहायचा, कारण त्यात खोडण्यासारखं काहीच नव्हतं.

ही गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली की ज्यांनी ज्यांनी इंग्रजी मनापासून सोपं करायला घेतलं, ते व्याकरणाच्या बाबतीत सगळ्यांत कडक निघाले. सी. के. ऑग्डेन या इंग्रज भाषातज्ज्ञांनी १९३० साली 'बेसिक इंग्लिश' मांडलं, शब्द अवघे ८५०, त्यांत क्रियापदं फक्त अठरा. गो, गेट, गिव्ह, टेक, पुट, असल्या अठरा घोड्यांवर सगळा कारभार. पण त्या अठरांना काळ लागायचे, 'ही' आला की 'स' लागायचा. कमी केले ते शब्द. नियम मोडायची सवलत कुणाला दिली नव्हती. आमच्या वर्गातला कल्याण लोकलवाला मुलगा सांताक्रूझला विमानांच्या देखभालीच्या विभागात मदतनीस आहे. तिथल्या मॅन्युअलमधलं इंग्रजी त्याला वर्गातल्या इंग्रजीपेक्षा सोपं वाटतं, असं तो एकदा म्हणाला. मला हसू आलं, कारण ते सोपं असावं म्हणून युरोपातल्या विमानं बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने १९८६ साली एक वेगळी नियमावलीच छापली होती. आजचं सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश ते त्यातूनच आलेलं. काम सांगणारं वाक्य वीस शब्दांच्या आत. एका शब्दाचा एकच अर्थ. 'इंग'वाली क्रियापदं जवळजवळ हद्दपार. आपलं लाडकं 'आय ॲम हॅविंग' तिथे दारातच अडेल. आणि वाक्य आखूड करायचं म्हणून 'द' किंवा 'अ' गाळायचा नाही, हेही त्यातच बजावलेलं. जो 'द' मी माझ्या वर्गात खुशाल सोडून देते, तो तिथे कुणी सोडत नाही, कारण मध्यरात्री विमानाच्या पोटाखाली पडून बोल्ट आवळणाऱ्याला कुठला बोल्ट, हा प्रश्न पडून चालत नाही.

नुसत्या आखूडपणाने भागत नाही हे त्या धंद्याने फार महागात शिकलं होतं. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमानं आदळून ५८३ माणसं गेली. कारणं एकाहून जास्त होती, पण त्यांतलं एक, डच विमानातून कंट्रोल टॉवरला सांगितलं गेलेलं छोटंसं वाक्य: 'वी आर नाऊ ॲट टेक-ऑफ.' विमान धावायला लागलं होतं. टॉवरला वाटलं, ते उड्डाणाच्या जागी उभं आहे. सगळे शब्द पहिल्या धड्यातले. पुढे रेडिओवरच्या बोलण्याची शिस्त बदलली. 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेताना तेवढा उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं.

वर्गातली नर्स हे ऐकून म्हणाली, आमच्याकडे रोज असं होतं. ड्यूटी बदलताना ती पुढच्या सिस्टरला 'आय गिव्ह इंजेक्शन' म्हणायची. समोरची सिस्टर केरळची, दोघींमध्ये इंग्रजीच काय ती सामायिक. आता हे इंजेक्शन दिलंय, की देते आहे, की द्यायचंय? समोरची दर वेळी चार्ट बघून खात्री करून घ्यायची, म्हणून काही बिघडलं नाही. पण त्या दिवसापासून माझ्या मनात चुकांची उतरंड लागली. काळाची चूक सगळ्यांत जड. 'गिव्ह', 'गेव्ह', 'विल गिव्ह' हे तीन तिला मी एका आठवड्यात तोंडपाठ करून घेतले, अगदी वडिलांच्या पद्धतीने, परत म्हण, परत म्हण. रोजच्या बोलण्यात 'द' गळला, 'स' गळला, तर अर्थाला सहसा खरचटतही नाही. 'स' गळल्याने जे खरचटतं ते अर्थाला नाही, माणसाला. त्यामुळे नर्सची चूक मी तिथल्या तिथे धरते आणि ताईंची तिथल्या तिथे धरत नाही, यात मला विरोध दिसत नाही. दोघींना लागणारं औषध वेगळं आहे, एवढंच.

बंगळुरूला एन. एस. प्रभू या भाषाशिक्षणतज्ज्ञांनी १९७९ पासून काही वर्षं शाळांमध्ये एक प्रयोग केला होता. व्याकरण शिकवायचंच नाही. मुलांना इंग्रजीत वेळापत्रकं, नकाशे, हिशेब सोडवायला द्यायचे. डोकं उत्तर शोधण्यात गुंतलं की भाषा आपोआप आत शिरते, अशी कल्पना. मला तो प्रयोग फार आवडतो, आणि वर्गात मी पश्चिम रेल्वेचं वेळापत्रक देऊन त्याची उसनवारी बऱ्याचदा केली आहे. पण प्रभूंची मुलं शाळेत होती, त्यांच्याकडे वर्षं होती. माझ्या लोकांची फी महिन्यावर आहे. दिवाळीच्या महिन्यात ताईंना ब्लाउजांमधून मान वर काढायला फुरसत नसते, गणपतीत लालबागचे दादा दिसतच नाहीत. भाषा आपोआप आत शिरेल तोवर कुणाची नोकरी जाते, कुणाचं स्थळ येतं, कुणाचा डेटा पॅक संपतो.

शेवटी माझ्यापुरतं मी एक ठरवून टाकलं. माझ्या तोंडातून येईल ते इंग्रजी थोडं असेल, पण मोडकं असणार नाही. त्यांच्या तोंडातून येईल ते कसंही चालेल. ताई 'ही वर्क' म्हणाल्या तर मी 'ओह, ही वर्क्स ॲट नाइट! अँड ही स्लीप्स इन द मॉर्निंग?' म्हणून पुढचा प्रश्न विचारते. दुरुस्ती त्यातच झालेली असते, फुली न मारता. हे मी ताईंना फोन करून समजावलं. म्हटलं, तुम्ही ब्लाउज फिटिंगला देता तेव्हा आधी कच्ची शिलाई घालताच ना? ताई पटकन म्हणाल्या, "घालते ना मॅडम. पण कच्च्या शिलाईवर गिऱ्हाइकाला घेऊन जाऊ देत नाही." मला उत्तर सुचलं नाही. मग आमच्यात सौदा झाला. वर्गात मी टोकणार नाही, पण तास संपल्यावर ज्यांना हवं त्यांना त्यांच्या दोन चुका, दोनच, व्हॉइस मेसेजवर पाठवणार. मला वाटलं होतं दोघंतिघं मागतील. जवळजवळ सगळ्यांनी मागितल्या. ताई तो मेसेज मुलीसमोर मुद्दाम स्पीकरवर लावतात म्हणे, मुलीने पकडलेल्या आणि मॅडमने पकडलेल्या चुका ताडून बघायला. मुलीने नसलेली चूक काढली की मला लगेच कळवतात, आणि आवाजात जरा जास्तच आनंद असतो.

या सगळ्या हिशेबात न बसणारे एक आजोबा आहेत. गिरगावचे, बँकेतून निवृत्त, पत्रव्यवहाराचं इंग्रजी उत्तम. नात न्यू जर्सीत, सहा वर्षांची. रोज सकाळी तिच्याशी व्हिडिओ कॉल. आजोबा बोलताना सगळे 'द' आणि 'अ' गाळतात: आय वेंट टू बँक, आय सॉ कॅट. नात तिकडून कंबरेवर हात ठेवून ओरडते, आबा, से 'द' बँक! मी त्यांना म्हटलं, आजोबा, तुम्हाला हे अजिबात लागत नाही, तुमचं बोलणं जगात कुठेही कळेल. तर म्हणाले, "ते मला माहीत आहे हो. पण ती चूक काढते ना, त्या दिवशी फोन दहा मिनिटं जास्त चालतो. एरवी हाय आबा, बाय आबा. मला आर्टिकल्स नीट शिकवा, म्हणजे कुठे गाळायचं ते कळेल. परवा मी चुकून सगळं बरोबर बोललो, तर ती खेळायलाच निघून गेली."

त्यांच्यासाठी दर मंगळवारी पंधरा मिनिटं वेगळी काढली आहेत. गृहपाठ वेळेवर करणारे वर्गात ते एकटेच.